कुंडळाचा राजा

(दृश्य: पहाट. धुक्यातला मळा. कात्र्यांचा आवाज.)

हा आवाज कात्रीचा. पूर्वी चहाची पानं बोटांनी खुडायचे. आता कात्रीलाच पसरट पेटी लावलेली असते, पान कापलं की तीत पडतं. पेटी भरली की पाठीवरच्या पोत्यात. कमरेला गुंडाळलेला प्लॅस्टिकचा कागद दवापासून साडी वाचवतो, गमबूट जळवांपासून पाय. कान दिलात तर बाया तमिळमध्ये बोलताहेत. गाव मात्र केरळात आहे. इडुक्की जिल्हा, देविकुलम तालुका, मुन्नार.

मुन्नारहून टॉप स्टेशनच्या वाटेवर कुंडळा लागतं. इथल्या मळ्यातल्या एका कुटुंबातला मुलगा वकील झाला, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षात वाढला आणि 2021 साली आमदार झाला. ए. राजा. तो आमदार आहे की नाही, हे ठरायला पुढची चार वर्षं लागली.

(दृश्य: जुनी छायाचित्रं. रेल्वेचा डबा, डोंगरउतार.)

ही गोष्ट आधी दुसऱ्या एका राजाकडे जाते. 11 जुलै 1877 रोजी पुंजारच्या राजाने जॉन डॅनियल मन्रो या इंग्रजाला कण्णन देवनचे हे डोंगर पट्ट्याने दिले. भाडं वर्षाला 3,000 रुपये. जमीन मिळाली, हात कुठून आणायचे? ते तमिळ मुलखातून आले, कंगाणीमार्फत. कंगाणी म्हणजे आपल्याकडचा मुकादम. गावात जाऊन उचल द्यायची, टोळी बांधायची आणि घेऊन यायचं. बीडच्या ऊसतोडणी कामगाराला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. फरक एवढाच की तो हंगाम संपला की घरी परततो. ही माणसं इथेच राहिली.

फोटोत दिसतेय ती कुंडळा खोऱ्याची रेल्वे. 1924 च्या जुलैमधल्या महापुरात ती वाहून गेली, पुन्हा बांधली नाही. चहा रस्त्याने जाऊ लागला.

1956 साली भाषावार राज्यं झाली. देविकुलम आणि पीरमेड मद्रासकडे जावेत म्हणून इथल्या तमिळ पुढाऱ्यांनी आंदोलन केलं होतं. तालुके केरळातच राहिले. बेळगाव-निपाणीकडच्या प्रेक्षकांना यापुढचं एकही वाक्य ऐकायची गरज नाही.

(दृश्य: तिरुवनंतपुरम. विधानसभेची पांढरी इमारत.)

24 मे 2021. नव्या विधानसभेचा शपथविधी. राजा यांनी शपथ घेतली ती तमिळमध्ये. मळ्यातल्या घराघरांत टीव्हीसमोर बसलेल्यांना ती कळली. पण सरकारी खात्याने करून दिलेल्या भाषांतरात एक गोष्ट गळाली होती. शपथ ईश्वराच्या नावाने की गांभीर्यपूर्वक, हे सांगणारे शब्दच त्यात नव्हते. चूक भाषांतराची, भुर्दंड आमदाराला. 2 जूनला पुन्हा शपथ घ्यावी लागली आणि मधल्या काळात सभागृहात बसल्याबद्दल दिवसाला 500 रुपये दंड झाला.

आता खरा वाद. देविकुलम मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. राजा यांनी काँग्रेसच्या डी. कुमार यांना 7,848 मतांनी हरवलं होतं. कुमार कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं, राजा परयन या अनुसूचित जातीतले हिंदू नाहीत, ख्रिस्ती आहेत. आणि कुटुंब तमिळनाडूतून आलेलं, तेव्हा केरळच्या यादीतली जात त्यांना लागूच होत नाही.

(दृश्य: कागदपत्रं, जवळून.)

कोर्टात कॅमेरा नेता येत नाही, म्हणून आपण कागदच बघू. कुंडळाच्या सीएसआय (चर्च ऑफ साउथ इंडिया) चर्चच्या नोंदवह्या: बाप्तिस्मा, कुटुंब, दफन. आणि लग्नाचा फोटो. नवऱ्याच्या अंगात कोट, नवरीचा पांढरा झगा, डोक्यावर जाळीदार ओढणी. आपल्याकडे निम्म्या नवरदेवांच्या अंगात कोटच असतो, पण ते असो. 20 मार्च 2023 रोजी केरळ उच्च न्यायालयाच्या न्या. पी. सोमराजन यांनी निवडणूक रद्द केली.

यामागे 1950 सालचा राष्ट्रपतींचा आदेश आहे. कोणती जात कोणत्या राज्यात अनुसूचित, हे त्यात लिहिलंय. त्याचं तिसरं कलम धर्म विचारतं. आधी फक्त हिंदू चालत होते. 1956 साली शिखांना वाट मिळाली. बौद्धांना 1990 साली. महाराष्ट्रात हे शिकवावं लागत नाही. नागपूरच्या दीक्षाभूमीवरून परतलेल्या घरांनी चौतीस वर्षं या कलमाची धग सोसली आहे. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलितांसाठी दार अजून बंद आहे. म्हणजे परयन म्हणून हिणवणारा गावात धर्म विचारत नाही, अर्ज तपासणारा विचारतो. आणि आजोबा कधी आले, हेही विचारतो. मळ्यात येणाऱ्याची नोंद कुणाच्या वहीत? आधी कंगाणीच्या, मग कंपनीच्या.

सर्वोच्च न्यायालयाने आधी अर्धवट दिलासा दिला: सभागृहात बसा, पण मत देऊ नका, भत्ता घेऊ नका. अखेर 6 मे 2025 रोजी न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने उच्च न्यायालयाचा निकाल रद्द केला. ओक मूळचे ठाण्याच्या कोर्टातले. राजा आमदार होते आणि राहिले.

(दृश्य: मुन्नार बाजार. मग मोकळा, गवत उगवलेला उतार.)

या चार वर्षांत मळ्याचे प्रश्न किती पुढे सरकले, त्याचं चित्रीकरण आमच्याकडे नाही. आधीचं मात्र आहे. 2015 चा सप्टेंबर. बोनस वीस टक्क्यांवरून दहावर आणला, तेव्हा हजारो बायका रस्त्यावर बसल्या. पोंपिळै ओरुमै, बायांची एकजूट. भेटायला आलेले तेव्हाचे आमदार एस. राजेंद्रन यांना त्यांनी परत पाठवलं. तेही तेव्हा राजा यांच्याच पक्षाचे. रोजंदारी तेव्हा 232 रुपये होती, पुढे 301 झाली.

आणि हा उतार म्हणजे पेट्टिमुडी. 6 ऑगस्ट 2020 च्या रात्री दरड कोसळली, 70 माणसं गेली. इथे लयम होते. लयम म्हणजे कामगारांची चाळ, घराला घर चिकटलेलं. वाचलेल्यांसाठी कुट्टियार खोऱ्यात 8 घरं बांधली.

(दृश्य: कुंडळा. संध्याकाळ. लयमची ओळ, चुलीचा धूर.)

लयममधली खोली कंपनीची असते. कामावरून निवृत्त झालं की ती सोडायची. घरातलं कुणी मळ्यात कामाला असेल तरच राहता येतं. म्हणून घरात एकाने तरी कात्री धरायची, मग बाकीचे वकील होवोत नाहीतर आमदार. उद्या सकाळचं मस्टर आहे. बाया लवकर झोपतात.