रिम तीच, टायर कोणता?

[दृश्य: विमानतळालगतचं जुनं काँक्रीट. केशरी शंकू. एका छोट्या उघड्या गाडीचं पुढचं चाक, जवळून.]

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातलं लिंकन शहर. एससीसीए म्हणजे स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका या संस्थेची ऑटोक्रॉसची राष्ट्रीय स्पर्धा २००९ पासून इथे भरते. हजारावर स्पर्धक येतात आणि त्यातले बहुतेक हौशी. आपल्याकडे ऑटोक्रॉस म्हटलं की अनेकांना मातीचा धुरळा आठवतो. इथे मात्र सगळा खेळ काँक्रीटवर. शंकू मांडून आखलेला, मिनिटभरात संपणारा नागमोडी मार्ग. शंकू पाडला की दोन सेकंदांचा दंड. एक दिवस एक मार्ग, दुसऱ्या दिवशी दुसरा. दोन्हीकडे तीन-तीन फेऱ्या, आणि दोन्ही मार्गांवरच्या सर्वांत चांगल्या वेळांची बेरीज.

वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतात, त्यामुळे माणसं टायरवरून हमरीतुमरीवर येतात यात नवल नाही.

[दृश्य: टायरच्या बाजूवरची अक्षरं. कॅमेरा आकड्यांवरून हळूहळू सरकतो.]

ही माझदा मियाता. चौथ्या पिढीतली, २०१९ची. वजन साधारण १,०६० किलो. कंपनीनेच दिलेली रिम १७ इंचांची आणि ७ इंच रुंद. तिच्यावर कंपनीचा टायर २०५/४५ आर १७. म्हणजे टायर २०५ मिलिमीटर रुंद, त्याच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ४५ टक्के, आणि रिम १७ इंचांची.

स्पर्धेच्या 'स्ट्रीट' गटात रिमची रुंदी बदलता येत नाही. फेंडर, म्हणजे चाकावरचे पत्रे, कापायचे नाहीत. टायरवर छापलेला ट्रेडवेअरचा आकडा २०० किंवा त्याहून वर हवा. हा आकडा जितका लहान, तितकं रबर साधारणपणे मऊ आणि चिकट, आणि तितकंच लवकर झिजणारं. त्यामुळे झाडून सगळे बरोबर २००वाला टायर घेतात. उरतो एकच प्रश्न: मापाचा.

पहिला मोह रुंदीचा. २०५ काढा, २२५ घाला, जमिनीला जास्त रबर टेकेल. पण या मापांत भिंतीची उंची रुंदीच्या टक्केवारीत असते, म्हणून ४५ तसाच ठेवून रुंदी वाढवली की टायर उंचही होतो. २०५/४५चा व्यास ६१६ मिलिमीटर, २२५/४५चा ६३४. गाडी नऊ मिलिमीटर वर उचलली गेली. जी गाडी जमिनीला चिकटून वळावी म्हणून आपण धडपडतो, तीच आपल्या हाताने उंच केली! शिवाय मोठ्या चाकाने गिअर लांबतो. ज्या वेगाला इंजिन ५,००० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला ५,००० फेरे, फिरत होतं, त्याच वेगाला आता ४,८६०च्या आसपास फिरेल. हायवेवर याचा पत्ताही लागणार नाही. इथे जवळजवळ सगळी फेरी दुसऱ्या गिअरमध्ये जाते आणि प्रत्येक शंकूनंतर गाडी पुन्हा उचलायची असते. तिथे हे तीन टक्के जाणवतात.

[दृश्य: टायर उतरवलेली रिम. तिच्या दोन कडांमधलं अंतर पट्टीने मोजणारे हात.]

दुसरी अडचण रिमची. २०५/४५ आर १७साठी टायर कंपन्या साडेसहा ते साडेसात इंच रुंद रिम चालते असं सांगतात. २१५/४५ला सात ते आठ. २२५/४५ला सात ते साडेआठ. म्हणजे आपली सात इंचाची रिम २२५ला जेमतेम पुरते. त्यापुढचा २३५/४५ साडेसातपासून सुरू होतो. मोठी उशी लहान अभ्र्यात कोंबली की मध्ये फुगते, तसं या टायरचं होतं. दोन्ही कडा आत ओढल्या जातात, भिंती बाहेर फुगतात, आणि स्टिअरिंग फिरवल्यावर टायर आधी भिंतीवर कलंडतो, मग गाडी वळते. रिम अर्धा इंच अरुंद झाली की फुगलेल्या टायरची रुंदीही साधारण पाच मिलिमीटरने घटते. म्हणजे २२५चे पैसे मोजून २२५ पूर्ण मिळतच नाही.

तरी एक गोष्ट कबूल करायला हवी. घड्याळ पुष्कळदा रुंद टायरच्याच बाजूने कौल देतं. वळण्यातला ढिलेपणा सोसून, थोडी जास्त हवा भरून, लोक आवळलेल्या रुंद टायरवर जिंकतात. फक्त टायर कंपनीने सांगितलेल्या रिमच्या रुंदीच्या मर्यादेबाहेर जाऊ नये. तिथे प्रश्न वेळेचा राहत नाही.

[दृश्य: खडूची एक रेघ. टायरच्या माथ्यापासून खांद्यावरून खाली भिंतीपर्यंत.]

ही रेघ नीट बघा. फेरीआधी खांद्यावर खडू ओढायचा, फेरीनंतर तो कुठपर्यंत पुसला गेला ते बघायचं. पुष्कळ टायरच्या खांद्यावर एक बारीक त्रिकोण कोरलेला असतो. खडू त्याच्या टोकापर्यंत गेला तर हवा ठीक. त्रिकोण ओलांडून भिंतीवरचाही पुसला गेला, तर टायर फारच कलंडतोय. एक-दोन पीएसआय वाढवा. खांद्यावरचा खडू जसाच्या तसा राहिला, तर हवा सोडा. टायर तापला की आतली हवा आपोआप वाढते, म्हणून दर फेरीनंतर गेज लावायचा.

मग घ्यायचा कोणता? २१५/४० हा पर्याय कागदावर झकास दिसतो. व्यास ६०४, म्हणजे गाडी सहा मिलिमीटर खाली आणि गिअर दोन टक्के आखूड. २०१९पासून या मियाताच्या इंजिनाची मर्यादा ६,८०० वरून ७,५०० आरपीएमवर गेली, त्यामुळे आखूड गिअर तिला झेपतो. जुन्या इंजिनात मात्र लांब सरळ पट्ट्यावर तिसरा टाकायची पाळी येऊ शकते, आणि त्यात कमावलेलं सगळं जातं. शिवाय कागदावरचं माप तुम्हाला हव्या त्या टायरमध्ये बनतं का, हे दुकानात गेल्यावरच कळतं. बनत असेल तरी एका कंपनीचा २१५ दुसऱ्या कंपनीच्या २१५हून अंगाने भरलेला असू शकतो, तेव्हा टेप घेऊन जा.

माझा कौल २१५/४५ला. सात इंची रिमवर तो सरळ बसतो, गाडी फक्त साडेचार मिलिमीटर वर जाते आणि स्टिअरिंगचा ताजेपणा टिकतो. एकच गाडी दोघे आलटून-पालटून चालवणार असाल, तर २२५चा विचार करा. टायरला थंड व्हायला उसंत मिळत नाही, आणि जास्त रबर तापायला जास्त वेळ घेतं. एकट्याने चालवणाऱ्याची अडचण नेमकी उलटी असते: थंडीच्या सकाळी पहिली फेरी संपते तेव्हा कुठे टायर जागा झालेला असतो.

[दृश्य: जॅकवरून उतरलेली गाडी. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरतं.]

टायर चढवल्यावर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून बघा, आणि दोन माणसं बसवून पुन्हा एकदा. आतल्या प्लास्टिकला टायर घासत असेल, तर ते दुकानाच्या दारातच कळलेलं बरं.