टिशियनचा कोसळता पर्सियस

मित्रहो, पडद्यावरचं हे ‘पर्सियस आणि अँड्रोमेडा’ टिशियननं 1554 ते 1556च्या सुमारास रंगवलं. व्हेनिसचा हा चित्रकार तेव्हा साठी उलटलेला होता, आणि चित्र जायचं होतं स्पेनच्या राजघराण्यातल्या दुसऱ्या फिलिपकडे. कॅनव्हास पावणेदोन मीटर उंच, रुंदीला त्याहून थोडा जास्त. डावीकडे खडकाला साखळदंडानं जखडलेली अँड्रोमेडा. उजवीकडे खाली, जबडा उघडून आलेला सागरी राक्षस. आणि वरून, डोकं खाली नि पाय आभाळात, असा झेपावणारा ग्रीक पुराणातला वीर पर्सियस.

कथा रोमन कवी ओव्हिडच्या ‘मेटामॉर्फोसिस’ या काव्याच्या चौथ्या सर्गातली. राणी कॅसिओपियानं रूपाचा गर्व केला आणि त्याची शिक्षा तिच्या मुलीच्या वाट्याला आली. राज्य वाचवायचं तर अँड्रोमेडाला राक्षसाच्या तोंडी द्यावं लागणार होतं. जिला पाहणारा दगड होतो त्या मेडूसाला मारून पंखांच्या पादत्राणांनी उडत निघालेल्या पर्सियसला ती दिसते. वाऱ्यानं तिचे केस हलले नसते, डोळ्यांतून पाणी आलं नसतं, तर ती संगमरवरी मूर्तीच वाटली असती, असं ओव्हिड सांगतो. तिला पाहून पर्सियस पंख मारायचंही जवळजवळ विसरतो. मग तो तिच्या आईवडिलांशी बोलणी करतो: मी वाचवलं तर ही माझी. राक्षस लाटा कापत येत असताना ही सोयरीक ठरते! सुटकेच्या या कथेत मुलीला कुणी काही विचारलेलं नाही, हे मला फार खटकतं.

याच कुटुंबाला ग्रीकांनी आकाशात बसवलं. आपण मराठीत त्या तारकासमूहांना देवयानी (अँड्रोमेडा), ययाती (पर्सियस), शर्मिष्ठा (कॅसिओपिया) आणि वृषपर्वा (अँड्रोमेडाचे वडील सीफियस) म्हणतो. हिवाळ्याच्या सुरुवातीला संध्याकाळी उत्तरेकडे पाहिलंत तर ही सगळी मंडळी भेटतील.

आता चित्राकडे या. हा प्रसंग अनेकांनी रंगवला. फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहालयात पिएरो दि कोसिमोचं चित्र आहे. त्यात पर्सियस राक्षसाच्या पाठीवर पाय रोवून तलवार उगारतो. पुढे रुबेन्सनं विजयानंतरचा क्षण निवडला. त्याच्या, रशियातल्या हर्मिटाज संग्रहालयातल्या चित्रात नायकाला मुकुट घालायला विजयदेवता आली आहे, शेजारी पंखांचा घोडा उभा आहे. दोन्हीकडे काय होणार याची आपल्याला शंका उरत नाही.

टिशियननं नायकाचा तोलच काढून घेतला. त्याच्या पायाखाली काही नाही. हातात वाकडी तलवार आणि ढाल, अंगावरचं वस्त्र उडालेलं. हा माणूस झेप घेतोय की कोसळतोय? थोडा वेळ बघत राहा, ठरवता येणार नाही. ओव्हिडच्या वर्णनात राक्षस पर्सियसच्या पाण्यावरच्या सावलीवर तुटून पडतो, पुढे तुषारांनी नायकाचे पंख भिजून जड होतात. तो धोका टिशियननं एका शरीराच्या ठेवणीत आणला. वाचवणारा स्वतः वाचेल याची हमी चित्रकार देत नाही, म्हणून या शौर्याला वजन येतं.

आणि प्रकाश बघा कुणावर आहे. सगळ्यात उजळ अंग अँड्रोमेडाचं आहे. ती अंग पिळून वर, पर्सियसकडे बघते. तिच्या पायाशी पोवळी आहेत. कथेप्रमाणे मेडूसाचं मस्तक समुद्रवनस्पतीवर ठेवल्यावर पोवळं जन्मलं, म्हणजे लढाईनंतर. उद्याची खूण टिशियननं आजच्या क्षणात ठेवून दिली. क्ष-किरण तपासणीतून दिसतं की तिची ठेवण त्यानं काम करता करता बदलली होती. एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलायला हवी: अँड्रोमेडा इथिओपियाची राजकन्या. ओव्हिडनंच इतरत्र तिला सावळी म्हटलंय. युरोपच्या चित्रकारांनी, टिशियननंही, तिला गोरी करून टाकलं.

1554च्या एका पत्रात टिशियन फिलिपला लिहितो की तुमच्यासाठीच्या आधीच्या चित्रातली डॅनाई समोरून दिसते, म्हणून पुढच्या चित्रात व्हीनसची पाठ दाखवली, आणि अँड्रोमेडा आणखी वेगळ्या बाजूनं दिसेल. राजाच्या दालनात नग्न देह सगळीकडून दिसावा, हा हेतू त्यात उघड आहे. तो लपवून चित्राची थोरवी सांगण्यात अर्थ नाही.

पुढे हे चित्र चित्रकार व्हॅन डाइककडे होतं. 1815 साली ते लंडनच्या हर्टफर्ड घराण्याकडे आलं आणि टिशियनचं आहे हे कुणाच्या लक्षात न येता बरीच वर्षं न्हाणीघरात टांगलेलं राहिलं. चित्र आज जिथे आहे त्या लंडनच्या वॉलेस कलेक्शन संग्रहालयाचे पहिले प्रमुख क्लॉड फिलिप्स यांनी ते ओळखलं. त्याचा पृष्ठभाग आज खूप झिजलाय.

फिलिपसाठीच्या सहा पुराणचित्रांपैकी शेवटचं ‘युरोपा’, 1562 साली पूर्ण झालेलं, बॉस्टनमध्ये आहे. 2020 साली लंडनच्या नॅशनल गॅलरीत ही सहाही एकत्र आली. तिथे तुलना करता येत होती: युरोपाला बैल समुद्रातून पळवून नेतोय आणि पर्सियससारखं कलंडलेलं शरीर आता तिचं आहे. आभाळात उडणारे आहेत, पण ते मदनाचे दूत. तिला सोडवायला कुणी आलेलं नाही.