आधी कागद, मग घोषणा

श्रोतेहो, नमस्कार. कारभारातला एखादा नियम बदलावा म्हणून तरुण मुलंमुली उभी राहतात, तेव्हा त्यांना आधी काय शिकवायचं? भाषण नाही. घोषणाही नाही. आधी कागद वाचायला शिकवायचं. आधी कागद, मग घोषणा.

आपल्याकडे वक्तृत्व स्पर्धा उदंड. कुठल्याही विषयावर पाच मिनिटं गाजवणारी मुलं गावोगाव आहेत. पण ग्रामपंचायतीला दहा ओळींचा अर्ज लिहून त्याची पोच घेणारं मूल शोधावं लागतं. माझं स्पष्ट मत आहे, दर वक्तृत्व स्पर्धेला अर्जलेखनाची स्पर्धा जोडावी आणि करंडक दोन्हींना सारखाच मोठा द्यावा.

आता राजस्थानात जाऊ. 1990 साली, 1 मे रोजी, राजसमंद जिल्ह्यातल्या भीम इथं मजदूर किसान शक्ती संघटना स्थापन झाली. अरुणा रॉय, निखिल डे, शंकर सिंह आणि त्या भागातले शेतकरी-मजूर. तक्रार साधी होती. सरकारी कामावर राबूनही किमान मजुरी मिळत नव्हती. विचारलं तर उत्तर यायचं, तुम्ही काम पूर्ण केलं नाही, नोंदवहीत तसंच लिहिलंय. मग वही दाखवा! तर म्हणे, ती गोपनीय आहे.

तिथून मागणी बदलली. मजुरी हवीच, पण आधी वही दाखवा. 2 डिसेंबर 1994 रोजी पाली जिल्ह्यातल्या कोटकिराना गावात पहिली जनसुनावणी झाली. मिळवलेले हजेरीपट आणि बिलं गावासमोर मोठ्यानं वाचली गेली. अशा सुनावण्यांतून हजेरीपटावर कोण कोण निघालं? गाव सोडून गेलेले, कामावर कधीच न आलेले, इतकंच काय, मेलेलेसुद्धा! ज्याला लिहिता-वाचता येत नाही तोही उठून सांगायचा, हा माणूस त्या कामावर नव्हता. कागद मोठ्यानं वाचला की सारं गाव हिशेब तपासतं.

पुढचा भाग नीट ऐका. 5 एप्रिल 1995 रोजी मुख्यमंत्री भैरोसिंह शेखावत यांनी विधानसभेत जाहीर केलं, पंचायतीच्या कामांच्या कागदांच्या प्रती लोकांना मिळतील. पण वर्ष सरलं तरी आदेश निघेना. म्हणून 6 एप्रिल 1996 रोजी ब्यावर शहरात चांग गेटपाशी धरणं सुरू झालं. त्याच दिवशी सरकारी आदेश आला: शुल्क भरा, कागद पाहा, छायाप्रत मात्र मिळणार नाही. एखादं कच्चं आंदोलन तिथंच पेढे वाटून घरी गेलं असतं. या मजुरांनी आदेश नाकारला. कारण नुसतं पाहिलेलं विसरतं, ते पोलिसांपुढे किंवा न्यायालयात मांडता येत नाही. पुरावा म्हणजे प्रत. धरणं 40 दिवस चाललं. खेड्यांतून धान्य आलं, शहरातले व्यापारी आणि कामगार संघटना पाठीशी उभ्या राहिल्या.

तरीही प्रत हाती पडली नाही. पुढच्या वर्षी जयपूरला पुन्हा धरणं, पन्नासहून अधिक दिवसांचं. आणि शेवटी, जुलै 1997 मध्ये, उपमुख्यमंत्र्यांनी सांगितलं, छायाप्रतीचा अधिकार देणारी अधिसूचना तर सहा महिन्यांपूर्वीच राजपत्रात, म्हणजे सरकारी गॅझेटात, निघालीय! जो कागद मागायला माणसं रस्त्यावर बसली, तो राजपत्रात पडून होता आणि कुणाला पत्ता नव्हता. म्हणून मुलांना सांगा, घोषणा म्हणजे आदेश नाही, आणि आदेश निघाला की नाही हे राजपत्र उघडून पाहायचं. पुढे 2000 साली राजस्थानचा कायदा आला आणि 12 ऑक्टोबर 2005 पासून देशभर माहितीचा अधिकार लागू झाला. महाराष्ट्रात अण्णा हजारे यांच्या आंदोलनामुळे राज्याचा स्वतंत्र कायदा त्याआधीच आला होता.

तर आपल्या गावात हे कसं शिकवायचं? बारा ते पंधरा मुलंमुली घ्या, चार रविवार ठेवा. जागा देवळाचा सभामंडप किंवा शाळेचा वर्ग. हॉटेलच्या थंडगार हॉलमधली शिबिरं मला पटत नाहीत, तिथं मुलं फक्त फोटो काढून येतात.

पहिल्या रविवारी मागणी एका वाक्यात बसवा. 'कारभार पारदर्शक करा' ही मागणी नव्हे, त्याला कुणीही हो म्हणेल. 'ग्रामसभेचं इतिवृत्त सभा उठण्याआधी वाचून दाखवावं आणि त्याची प्रत सात दिवसांत फलकावर लावावी', ही मागणी. कोण करणार, काय करणार, कधीपर्यंत करणार, हे तिन्ही त्यात आहे.

दुसऱ्या रविवारी माहितीचा अर्ज. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण 150 शब्दांत हवा, शुल्क 10 रुपये. मुलं हटकून चुकतात ती इथं. 'रस्ता खराब का झाला?' असं विचारतात. का विचारू नका, कागद मागा: कामाचं अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका, देयकाची प्रत. कारण कायदा नोंदी देतो, स्पष्टीकरण नाही. उत्तरासाठी 30 दिवस मोजायचे आणि ते न आल्यास पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील करायचं. पोच जपून ठेवा, पोच नसेल तर हे दिवस मोजणार कशावरून?

एका महिन्यानं कागद हाती आले की तिसरा रविवार. एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं आकडे फळ्यावर लिहायचे, बाकीच्यांनी टेप घेऊन जागेवर जाऊन मोजायचं.

चौथ्या रविवारी ग्रामसभेत मांडायच्या ठरावाची तयारी. सूचक आणि अनुमोदक आधी ठरवा. बोलायला दोनच मिनिटं, घड्याळ लावून. आणि ठरावाचा विषय सभेची सूचना निघण्याआधी लेखी द्या. नाहीतर तो 'ऐनवेळचे विषय' यात जातो, आणि तोवर निम्मी सभा उठून गेलेली असते. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, तीही पाहा: एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातली कमी असेल ती संख्या. तेवढी माणसं नसली तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. त्या सभेला आपली सगळी मुलं हजर हवीतच, कारण तिथं मूठभर माणसांत ठराव होतात.

ठराव झाला की लगेच इतिवृत्ताची प्रत मागा. आपल्यातल्या एकानं सभेत लिहून घेतलेला मजकूर शेजारी ठेवा आणि शब्दन् शब्द पडताळा. 'वाचून दाखवावं' याचं 'विचार करावा' झालेलं दिसलं, तर लेखी हरकत ग्रामपंचायतीला द्या, एक प्रत गटविकास अधिकाऱ्यांना द्या, आणि दोन्हीकडून पोच घ्या.