युरियाची गोणी आणि युरोपचा गॅस

[दृश्य : यवतमाळ जिल्हा, जुलै. कृषी केंद्रासमोर रांग]

पाऊस उघडला, डवरणी झाली. आता पऱ्हाटीला खत द्यायचं. आधार कार्ड दाखवा, मशीनवर अंगठा लावा, ४५ किलोची गोणी घ्या. किंमत २६६ रुपये ५० पैसे.

"युरिया हाय का भाऊ?"

"हाय. पण संगं ही बाटली घ्या लागते."

युरियासोबत दुसरा माल घ्यायची ही सक्ती, याला लिंकिंग म्हणतात. बंदी आहे, तरी चालतं.

गोणीची किंमत वर्षानुवर्षं तीच. पण युरियासाठी अमोनिया लागतो, अमोनियासाठी नैसर्गिक वायू, आणि कारखान्याच्या खर्चात सगळ्यात मोठा वाटा या वायूचाच. त्याचा भाव ठरतो दूर कुठेतरी.

[दृश्य : नकाशा, युरोप]

युरोपकडे स्वतःचा गॅस होता. नेदरलँड्समधलं ग्रोनिंगेन क्षेत्र १९५९ साली सापडलं. उपसा वाढत गेला तशी जमीन खचली, भूकंपाचे धक्के बसू लागले, घरांच्या भिंतींना तडे गेले. ऑक्टोबर २०२३ मध्ये उत्पादन थांबवावं लागलं. तोवर रशियाच्या स्वस्त पाइपगॅसची सवय लागलेली. २०२१ मध्ये युरोपीय संघाच्या गॅस आयातीत सुमारे ४५ टक्के वाटा एकट्या रशियाचा! शहाण्यासुरत्या देशांनी एकाच दुकानात एवढी उधारी करावी, याचं नवल वाटतं.

२०२२ मध्ये युक्रेन युद्ध पेटलं आणि पुरवठा आटत गेला. ऑगस्टमध्ये गॅसचा भाव एका मेगावॉट-तासाला (हे ऊर्जेचं माप) ३०० युरोंच्या वर. सप्टेंबरमध्ये बाल्टिक समुद्राच्या तळाशी रशिया-जर्मनी नॉर्ड स्ट्रीम गॅसवाहिनी स्फोटांनी फुटली. युरोपातल्या कित्येक खत कारखान्यांनी उत्पादन कमी केलं.

मग युरोप जहाजांकडे वळला. उणे १६२ अंशांवर थंड केलेला गॅस द्रव होतो, जागा सहाशेपट कमी लागते. जर्मनीकडे तो उतरवायला एकही टर्मिनल नव्हतं. पहिलं डिसेंबर २०२२ मध्ये विल्हेल्म्सहाफेनला सुरू झालं. पैसेवाला गिऱ्हाईक बाजारात उतरला, तेव्हा पाकिस्तानसारख्या देशांना जहाजंच मिळेनात. आपल्याकडचे कारखानेही महागड्या गॅसवर चालले. २०२२-२३ मध्ये केंद्राचं खत अनुदान अडीच लाख कोटी रुपयांपर्यंत गेलं. गोणी मात्र २६६ रुपये ५० पैशांचीच राहिली, म्हणून रांगेतल्या माणसाला यातलं काही दिसलं नाही.

१ जानेवारी २०२५ पासून युक्रेनमार्गे येणारा रशियन गॅसही थांबला. युरोपने वापर बराच घटवलाय, नॉर्वेकडून जास्त घेतो. पण जहाजाने येणाऱ्या गॅसमधला सगळ्यात मोठा वाटा आता अमेरिकेचा. परावलंबन संपलं म्हणायला मी तयार नाही, दुकानदार बदललाय.

[दृश्य : समृद्धी महामार्ग, कडेला गॅसवाहिनीच्या खुणा]

भारतही आपल्या गरजेचा साधारण निम्मा गॅस बाहेरून आणतो, जहाजाने, सगळ्यात जास्त कतारहून. मुंबई-नागपूर गॅसवाहिनी समृद्धीच्या कडेने वाशीम, अमरावती, वर्धा जिल्ह्यांतून टाकलीय. गावात गॅस आला म्हणजे तो आपला झाला, असं समजायचं कारण नाही. टंचाईत त्याच जहाजांवर युरोपही बोली लावणार, आणि त्याचा खिसा आपल्यापेक्षा मोठा आहे.