गोळी घरात येते, पोटात जात नाही

नमस्कार श्रोतेहो, आणि आज खास करून मैत्रिणींनो!

जिना चढताना धाप लागते, दुपारनंतर पाय गळून जातात, केस पुंजक्यानं गळतात. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "कामाचा शीण, दुसरं काय!" पण २०१९ ते २०२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय, म्हणजे रक्तात हिमोग्लोबिन कमी असणं, आढळला. आधीच्या फेरीत ४८ टक्के होता. म्हणजे तो वाढतोय, आणि मला याची खरंच काळजी वाटते.

आशाताई लोहाच्या गोळ्या घरी आणून देतात. मग त्या डब्यात का पडून राहतात? मळमळतं, शौचाला काळं होतं, म्हणून बाई घाबरते. काळं होणं गोळीमुळेच आहे, त्यात धोका नाही. मळमळत असेल तर गोळी रात्री जेवणानंतर घ्या. "गोळीनं बाळ काळं होतं" असं कुणी सांगितलं तर मुळीच ऐकू नका. गरोदरपणात रोज एक, निदान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस, इतकी ती गरजेची आहे.

चहाचं मात्र ऐका. जेवणावर लगेच चहा घेतला की अन्नातलं लोह अंगी लागत नाही. तासभर तरी थांबा. कॅल्शियमची गोळीही वेगळ्या वेळी. भाजीवर लिंबू पिळा, पेरू खा, आवळा खा. बीट लाल आहे म्हणून रक्त वाढवतं, ही समजूत सोडा. त्यापेक्षा हळिवाचा लाडू कितीतरी सरस, आणि तो फक्त बाळंतिणीसाठीच नसतो.

लग्न झालेल्या मुलींनो, बाळाचा मेंदू आणि मणका ज्या नळीतून घडतो ती गर्भधारणेनंतर २८ दिवसांत मिटते. तेव्हा दिवस गेल्याचं बहुतेकींना कळलेलंही नसतं. म्हणून फॉलिक ॲसिड हे जीवनसत्त्व आधीपासूनच हवं.

हातापायांना मुंग्या येत असतील, तोंड येत असेल, तर बी-१२ हे जीवनसत्त्व तपासून घ्या. शाकाहारी घरात दूध-दही पोटात जायलाच हवं. बी-१२ची कमतरता लोहाच्या गोळीनं भरत नाही.

आणि महिनाभर नेमानं गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन एक ग्रॅमनं वाढलं नाही, तर डॉक्टरांकडे जा. पाळीत अंगावर जास्त जातं का, पोटात जंत आहेत का, हे मोकळेपणानं बोला. विदर्भात, नंदुरबारकडे राहत असाल तर सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणीही मागून घ्या.