कॉर्क हा शब्द बाटलीतून नाही, चपलेतून आलाय!

नमस्कार मंडळी! कॉर्क म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे येतं बाटलीचं बूच, हो ना? पण शब्दाचा माग काढत गेलात तर आधी चप्पल लागते. खरंच.

इंग्रजीत हा शब्द साधारण १४व्या शतकापासून दिसतो आणि तो बहुतेक स्पॅनिश 'अल्कोर्के'वरून आलाय, म्हणजे कॉर्कचा तळ असलेली वहाण. बाटलीचं बूच हा अर्थ त्याला चिकटला पार १६व्या शतकात. आता अल्कोर्केमधला 'अल' बघा, अल्कोहोल आणि अल्जिब्रामधला तोच, म्हणजे अरबीचा ठसा. स्पेनमध्ये कैक शतकं अरबी बोलली जायची, त्यामुळे त्यात नवल नाही, पण अरबांनी तो बहुधा लॅटिनमधूनच उचललेला आणि इथून पुढे भांडण सुरू होतं. काही म्हणतात मूळ 'क्वेर्कुस', म्हणजे ओकचं झाड. काही म्हणतात 'कॉर्टेक्स', म्हणजे साल, मेंदूच्या कॉर्टेक्समधला तोच शब्द. मला विचाराल तर दोन्ही पटतं, कारण कॉर्क म्हणजे ओकचीच साल आहे राव!

गंमत म्हणजे रोमन लोक स्वतः कॉर्कला 'सुबेर' म्हणायचे, म्हणून झाडाचं शास्त्रीय नाव क्वेर्कुस सुबेर. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी लिहून गेलाय की ही साल मासेमारीच्या जाळ्यांना तरंगतं ठेवायला, भांड्यांना झाकण म्हणून आणि बायकांच्या हिवाळी पादत्राणांना वापरतात. बघा, चप्पल तिथेही आहेच! फ्रेंचांनी तर वेगळाच रस्ता धरला, त्यांचा शब्द 'लिएज', तो 'हलका' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून.

आणि या सालीने विज्ञानालाही एक शब्द मिळवून दिलाय. १६६५ सालच्या पुस्तकात इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक सांगतो की त्याने धारदार चाकूने कॉर्कचा अगदी पातळ काप काढला, काप पांढरट म्हणून तो काळ्या पट्टीवर ठेवला आणि मायक्रोस्कोपमधून पाहिलं, तर आत नुसत्या रिकाम्या खोल्याच खोल्या. त्यांना त्याने नाव दिलं 'सेल', म्हणजे छोटी खोली. जीवशास्त्रातली पेशी, ती हीच.

हां, आणि आयर्लंडमधलं कॉर्क शहर? त्याचा यात काडीचा संबंध नाही, ते आलंय आयरिश 'कोरकाग'वरून, अर्थ दलदल.