कळव्याच्या डोंगरावर दुपारचं जेवण

[सुरुवातीला फक्त फोडणीचा आवाज. निवेदन पाच सेकंदांनी.]

आधी मोहरी, ती तडतडली की जिरं, आणि हळद सगळ्यात शेवटी, नाहीतर करपते आणि मग अख्ख्या टोपाला कडवट वास लागतो. हे ज्या ताई सांगतायत त्या सकाळपासून उभ्याच आहेत. टोप केवढा आहे बघा, आत माणूस बसेल एवढा, आणि ढवळायला जे हातात आहे त्याला पळी म्हणायचं की वल्हं तेच कळत नाही. एका हाताने ढवळणं जमतच नाही, दोन्ही हातांनी धरून कमरेतून जोर लावावा लागतो.

आज खिचडी आहे, वस्तीतल्या क्लासला येणाऱ्या पोरांसाठी. तांदूळ, मूगडाळ, गाजर, फरसबी, मटार, बटाटा. मीठ मोजून घालत नाहीत, मुठीने घालतात, आणि मग तीन जणी तीन वेगवेगळ्या चमच्यांनी चाखतात आणि एकमेकींकडे बघतात. कुणी बोलत नाही. मान हलली की झालं.

[खिडकीतून बाहेर, डोंगर]

हे कळवा. ठाण्याची खाडी ओलांडली की पहिलं स्टेशन. समोर दिसतोय तो पारसिकचा डोंगर, 1916 साली काढलेला रेल्वेचा बोगदा याच डोंगराच्या पोटातून जातो, आणि बोगद्याच्या वर, अंगाखांद्यावर, ही सगळी घरं. खालून बघितलं की एकावर एक डबे रचल्यासारखी वाटतात. पाण्याचे निळे ड्रम प्रत्येक दारात, कारण नळाला पाणी ठरलेल्या वेळेलाच येतं, आणि पावसाळ्यात वरचे लोक रात्री जागे असतात, दरड कधी सरकेल सांगता येत नाही. गावाकडून कामाला आलेली माणसं आहेत ही, कुणी मराठवाड्यातली, कुणी विदर्भातली, कुणी यूपी-बिहारची, कर्नाटकातली. बाप नाक्यावर मजुरीला, आई धुण्याभांड्याला, आणि पोरं... पोरं बरीच वर्षं भंगारात होती. प्लास्टिक, पत्रा, वायर जाळून काढलेलं तांबं. दिवसाला जे काही सुटे पैसे मिळतील ते घरात द्यायचे. शाळा कुणाला नको होती असं नाही, पण पोर शाळेत बसलं तर ते सुटे पैसे बंद, आणि त्या पैशांवर संध्याकाळचं काहीतरी येत असतं. हा हिशोब एवढा सरळ आहे की त्याच्यावर भाषण देऊन काही उपयोग नाही.

[जुने फोटो]

जेकब स्टोकमन हा इस्रायलमध्ये हायटेक कंपनीत मार्केटिंगचं काम करणारा माणूस. 2011 ला कामानिमित्त मुंबईत आला, आणि मधल्या मोकळ्या वेळात वस्ती बघायला गेला. कचऱ्याच्या ढिगात चालणारी लहान पोरं त्याला दिसली. असं बघून हळहळून परत जाणारे पुष्कळ असतात, आपल्यातलेही असतात. हा परत गेला आणि नोकरी सोडून 2012 ला गॅब्रिएल प्रोजेक्ट मुंबई नावाची संस्था काढून आला. ज्यू लोकांची संस्था, पण काम ज्यू नसलेल्या घरांमध्ये. सोबतीला 'जॉइंट', म्हणजे 1914 पासून जगभर मदतीचं काम करणारी अमेरिकन ज्यू संस्था, जी आपल्याकडे 1964 पासून आहे. आणि वस्तीत शाळेबाहेरच्या पोरांसाठी आधीपासून क्लास चालवणारी 'रीप' ही संस्था, ती सुरू केली जेझुइट फादर ट्रेवर मिरांडा यांनी. म्हणजे ज्यू संस्था, ख्रिस्ती फादरांची संस्था, आणि स्वयंपाकाला हिंदू-मुसलमान सगळ्या घरच्या बायका. जेवण शाकाहारी, त्यामुळे एका टोपातलं सगळ्यांना चालतं.

[ठाणे, सिनेगॉगचं फाटक]

इथे एक मिनिट थांबतो, कारण आम्ही ठाण्याचे आहोत आणि हे सांगितल्याशिवाय आम्हाला पुढे जाववत नाही. ज्यू म्हटलं की आपल्याकडे लोकांना वाटतं कुठले तरी परदेशातले. हे बघा, सिव्हिल हॉस्पिटलजवळ, शार हाशमाईम, 1879 सालचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ. बेने इस्रायली मंडळींचं. ही मंडळी शेकडो वर्षांपासून कोकणातली, अलिबागजवळच्या नवगावला गलबत फुटलं आणि सात बाया सात पुरुष वाचले अशी त्यांची गोष्ट आहे, गावोगाव तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक शनवार तेली म्हणायचे. आडनावं बघा, केहिमकर, दिवेकर, पेणकर. घरात मराठी. नवसाला मलिदा करतात, पोहे, गूळ, खोबरं, वर फळं. मुंबईच्या मांडवीतलं त्यांचं 1796 चं सिनेगॉग, त्याला लोक मशीदच म्हणायचे, आणि मस्जिद बंदर स्टेशनचं नाव त्याच्यावरूनच पडलं असं सांगतात. म्हणजे आपण रोज ज्या स्टेशनवरून जातो त्याच्या नावातसुद्धा ही माणसं आहेत. कळव्यातली संस्था काही बेने इस्रायलींनी काढलेली नाही, ते वेगळं. पण ज्या शहरात ती आली ते शहर या धर्माला अनोळखी नव्हतं, एवढंच म्हणायचंय.

[परत स्वयंपाकघर]

आता मूळ मुद्द्यावर. जेवण द्यायचं ठरलं, पण कसं? बाहेरून गाडी आणायची, डबे वाटायचे, फोटो काढायचे, हे सोपं होतं. ते केलं नाही. जेवण वस्तीतल्याच बायकांनी शिजवायचं, त्यांचाच गट, त्यांनाच त्याचे पैसे. या गटाला नाव पडलं मसाला मामाज, यातली 'मामा' म्हणजे इंग्रजीतली आई. यातल्या बऱ्याच जणींची स्वतःची पोरं त्याच क्लासला. कित्येकींनी त्याआधी घराबाहेरचं कमाईचं काम केलेलं नव्हतं, घरून परवानगीच नव्हती, आणि स्वयंपाकाचं काम आहे, आपल्याच गल्लीत आहे, आपल्याच पोरांसाठी आहे, म्हटल्यावर घरच्यांनाही नाही म्हणता येईना.

ज्यू लोकांमध्ये दानाला शब्द आहे त्सेदाका, आणि त्याचा मूळ अर्थ दया नाही, न्याय असा आहे. देणारा उपकार करत नाही, जे द्यायलाच हवं ते देतो. बाराव्या शतकात रामबाम नावाचे मोठे पंडित होऊन गेले, वैद्यही होते, इजिप्तमध्ये राहायचे, त्यांनी दानाच्या आठ पायऱ्या लिहून ठेवल्यात. सगळ्यात खालची म्हणजे तोंड वाकडं करून देणं. आणि सगळ्यात वरची पायरी म्हणजे माणसाला काम द्या, भागीदारीत घ्या, बिनव्याजी उसने द्या, काहीही करा पण असं करा की त्याला पुन्हा हात पसरावा लागू नये. आता या टोपाकडे बघा आणि या हातांकडे बघा. आम्हाला तरी आठवी पायरी इथे दिसली.

[भिंतीवर खडूच्या रेघा]

ही मोजणी. प्रत्येक क्लासची आजची हजेरी सकाळी फोनवर येते, भिंतीवर चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, आणि त्या हिशोबाने डबे भरतात. भिंतीवर क्लासची नावं कुणी तरी सुंदर अक्षरात लिहिलीत. एक ताई शाळेत गेलेल्या नाहीत, पण रेघा त्याच मारतात आणि त्यांचा हिशोब चुकत नाही असं बाकीच्या सांगतात.

मग डबे निघतात. स्टीलचे मोठे, झाकणाला कडी असलेले. रिक्षा जाते तिथपर्यंत रिक्षा, पुढे डोक्यावर. हा चढ आम्ही कॅमेरा घेऊन चढलो तेव्हा दोनदा थांबलो, त्या थांबल्या नाहीत. गल्ली एवढी अरुंद की समोरून कुणी आलं तर एकाने दारात शिरायचं, गटारावरच्या फरशा हलतात, वरून धुणं टपकतंय, आणि डोक्यावर गरम डबा.

[क्लास]

नियम एकच. क्लासला बसायचं, मग जेवायचं. क्लास म्हणजे एक खोली, पत्र्याची, चटई अंथरलेली. जी पोरं कधी शाळेत गेलीच नाहीत किंवा मधूनच सुटली, ती इथे. शाळेतली खिचडी सरकारी योजनेतून मिळते, पण ती शाळेत नाव असलेल्याला, आणि यांचं नाव कुठेच नव्हतं, म्हणून तर हे जेवण. घरच्यांना कळलं की पोर दुपारी पोटभर जेवून येतंय, की सुट्या पैशांचा हिशोब जरा बदलतो. लगेच नाही, सगळ्यांचा नाही, पण बदलतो.

ही मुलगी अमेरिकेतून आलीय, ज्यू घरातली, कॉलेज झाल्यावर काही दिवसांसाठी. असे तरुण येत असतात वेगवेगळ्या देशांतून, ठाण्याच्या बाजूलाच राहतात, क्लासमध्ये इंग्रजी शिकवतात. आत्ता बघा काय चाललंय. ती म्हणतेय 'काल्वा'. पोरं म्हणतायत कळवा. ती परत काल्वा. मागच्या रांगेतला तो बारका उठून पुढे आला, तोंड उघडून जीभ मागे कशी वळवायची ते दाखवतोय. 'ळ'. सगळा क्लास ळ ळ ळ करतोय. हा शॉट आम्ही कापलेला नाही, पूर्ण ठेवलाय.

[जेवण. निवेदन कमी.]

हात धुतले का, दाखव.

पुढे ये.

[थांबा. चेहरे.]

या स्वयंपाकघरातल्या पाककृतींचं 2018 मध्ये इंग्रजीत पुस्तक निघालं, प्रत्येकीच्या गावची चव आणि प्रत्येकीची गोष्ट त्यात आहे. संस्थेचं दवाखान्याचंही काम आहे, आणि पालघर जिल्ह्यात मोखाड्याच्या आदिवासी पाड्यांवरही काम आहे, तिथपर्यंत आमचा कॅमेरा गेला नाही. लॉकडाऊनमध्ये क्लास बंद पडले तेव्हा रेशन घराघरात पोचवलं. क्लासमधून पोरांची नावं शाळेत घातली जातात, काही टिकतात, काही परत सुटतात, त्यांच्यामागे परत जावं लागतं.

[शेवटचा प्रसंग]

ही मुलगी सगळ्यांच्या शेवटी जेवतेय. अर्धं संपवलं, आणि आता दप्तरातून स्वतःचा छोटा डबा काढलाय. घरी धाकटा भाऊ आहे, अजून क्लासला यायच्या वयाचा नाही. उरलेली खिचडी ती त्यात भरतेय, बोटाने कडा पुसून.

वाढणाऱ्या ताईंनी बघितलं. काही बोलल्या नाहीत. डावाने आणखी एक घास तिच्या ताटात घातला, आणि डबा तिच्या हातातून घेऊन झाकण नीट बसवून दिलं, कारण ते झाकण घट्ट लागत नाही आणि उतार फार आहे.

[मुलगी उतारावरून जाताना. फक्त गल्लीचा आवाज.]